तरण्यांचा पोहा आणि माझा त्रिशूळ

त्या वर्षी मी महादेवाच्या कामात खोटं बोललो होतो. ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगताना जीभ अडखळणार नाही. स्वराज्य येऊन सहा-सात वर्षं झाली असतील. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं आणि आमचा सगळा मुलूख मध्यप्रदेशात. बाजारामागच्या गल्लीत माझं शिवणकामाचं दुकान होतं. सकाळी मशीनवर बसायचं ते दिवेलागणीला उठायचं. चालणं म्हणाल तर घर ते दुकान, आणि फार तर एकादशीला देवळापर्यंत. पन्नाशी जवळ आली होती, पोट सुटलं होतं. गावभराचं माप घेणाऱ्या मला स्वतःचं माप घ्यायची बुद्धी कधी झाली नाही.

आदल्या पावसाळ्याच्या अखेरीस बायकोला मुदतीचा ताप आला. तीन आठवडे ती अंथरुणाला खिळली होती. डॉक्टर तोंडाने धीर देत, पण त्यांची नजर मला काही वेगळंच सांगत होती. एका दुपारी तिने मला ओळखलं नाही. तेव्हा मी तिच्या उशाशी बसून महादेवाला बोललो, की हिला उठव, मी प्रतापगडाला पायी येईन, माझ्या खांद्यावरून त्रिशूळ आणून तुला वाहीन. पुढच्या चार दिवसांत ताप उतरला. औषधाने उतरला की नवसाने, हा वाद मी कोणाशी घातला नाही. ती उठून बसली आणि तिने पेज मागितली, एवढं मला पुरे होतं.

महाशिवरात्रीला प्रतापगडच्या डोंगरावर, साताऱ्याच्या नव्हे, आमच्या भंडाऱ्याकडच्या, महादेवाची जत्रा भरते. आमच्याकडचे लोक तिथे एकेकटे जात नाहीत. गावागावांतून, मोहल्ल्यामोहल्ल्यांतून टोळ्या निघतात, त्यांना पोहा म्हणतात. अनवाणी चालायचं, महादेवाची गाणी म्हणायची, आणि ज्याचा नवस असेल त्याने आपला त्रिशूळ वाहायचा. आमच्या मोहल्ल्याचा दंडक असा, की घरून उचललेला त्रिशूळ वर वाहीपर्यंत जमिनीला टेकवायचा नाही. थकलात तर पोह्यातल्या दुसऱ्याच्या हाती द्या, मुक्कामाला झाडाच्या फांदीत अडकवा. टेकला तर नवस मोडला. मी लोहाराकडून त्रिशूळ करून घेतला तोही गरजेपेक्षा मोठा. उचलून पाहिला तेव्हा लोहार म्हणाला होता, लहान केला असता तरी देवाने घेतला असता. मी हसण्यावारी नेलं.

मोहल्ल्यातून दोन पोहे निघत. एक बैलगाड्यांचा, म्हाताऱ्यांचा आणि बायामाणसांचा. तो गाडीरस्त्याने, मुक्काम करत करत, दोन दिवस आधी निघे. दुसरा तरण्यांचा. राइस मिलमधले हमाल, दिवसभर पोती वाहणारी माणसं, जंगलातल्या आडवाटेने तिसऱ्या दिवशी गड गाठत. त्यांचा म्होरक्या बुधराम. कोणालाही सोबत घेण्याआधी तो चार गोष्टी विचारून घ्यायचा. त्याने मला सरळच विचारलं, “मास्टर, पिछली बार पैदल कब गए थे?” मी म्हणालो, दरसाल जातो, सासरवाडीच्या पोह्याबरोबर. खरी गोष्ट अशी, की मी बावीस वर्षांपूर्वी वडिलांबरोबर गेलो होतो आणि शेवटच्या दिवशी त्यांनी मला कोणाच्या तरी गाडीत बसवलं होतं. बुधरामने माझ्या पोटाकडे एकदा पाहिलं आणि, “हमारा पोहा रुकता नहीं है, सोच लो,” एवढंच म्हणाला. देवाच्या कामात माणूस खोटं कशाला बोलेल, असं त्या बिचाऱ्याला वाटलं असेल.

बायको अजून अशक्तच होती, पण देवाचे उपकार मानायला येणारच म्हणाली. तिची जागा गाडीत ठरली. गाड्या निघायच्या आदल्या दिवशी तिने मला समजावून पाहिलं. “तरण्याइच्या मांगं कायले धावता जी? आमच्याच संगं चला ना.” मी तिला फाडकन उत्तर दिलं, की नवस फेडायला चाललोय, बायकांत बसून वरातीला नाही. भाजलेल्या चण्यांची पुरचुंडी माझ्या पिशवीत ठेवून ती दुसऱ्या दिवशी गाडीत बसून गेली.

पहिला दिवस मी अब्रू राखली. दुसऱ्या दिवशी तळपायाला फोड आले आणि उजवा गुडघा बोलू लागला. हमाल मंडळी मनाने मोठी. एकेकाने येऊन त्रिशूळ मागितला. मी कोणाला दिला नाही. माझ्याच खांद्यावरून नेईन असं बोललो होतो ना! तिसऱ्या दिवशी, ऐन शिवरात्रीला, ऊन चढायच्या आत दर्शन घ्यायचं म्हणून त्यांनी पाय उचलले. माझ्यासाठी सगळ्यांना थांबावं लागतंय हे पाहून मी बुधरामला म्हणालो, तुम्ही व्हा पुढे, वाट माझ्या पायाखालची आहे. हे दुसरं खोटं. त्याने दोनदा विचारलं, मी दोनदा मान हलवली. त्यांची गाणी बराच वेळ ऐकू येत होती, मग पानांची सळसळ तेवढी उरली.

एका चढावर गुडघा मोडल्यासारखा झाला आणि मी दगडावर बसलो. त्रिशूळ मांडीवर आडवा धरला. थोडा दम खाऊन उठायला गेलो तर उठता येईना. काहीतरी टेकवून उठायला हवं होतं, आणि टेकवण्यासारखी एकच वस्तू माझ्याजवळ होती. हात आपोआप त्रिशूळ उभा करायला लागला. टोक जमिनीपासून वीतभर राहिलं असेल, तेव्हा मला ती दुपार आठवली, तिचे मला न ओळखणारे डोळे आठवले. मी त्रिशूळ पुन्हा मांडीवर ओढला. माझ्या हातून हा टेकला आणि उद्या तिला ताप चढला तर? किती वेळ बसलो होतो देव जाणे. खांदे भरून आले. शेवटी मी रडलो. मोठ्याने म्हणालो, “महादेवा, मी खोटं बोललो. माझ्यानं होत नाही.” एवढंच म्हणालो. वाचव असंही म्हणायचं सुचलं नाही.

सरपणाची मोळी डोक्यावर घेतलेली एक म्हातारी वरच्या अंगाने उतरत आली. जवळच्या पाड्यावरची गोंड बाई असावी. माझ्यासमोर थांबून तिने विचारलं, “काऊन बसला हायेस, बापू?” मी सगळं सांगितलं. हा खाली ठेवता येत नाही आणि ठेवल्याशिवाय मला उठता येत नाही, असं म्हणालो. तिने मोळी खाली टाकली, त्यातली एक जाड काठी ओढून माझ्यापुढे धरली आणि दुसरा हात त्रिशूळाकडे केला.

“दे इकडं.”

“माझा नवस आहे, माय. मीच वाहायचा.”

“देव का तुया एकट्याचाच हाये?”

तीन दिवस जो कोणाला दिला नाही, तो त्रिशूळ तिने लेकरू घ्यावं तसा माझ्या मांडीवरून उचलला आणि खांद्यावर टाकला. काठीवर भार देऊन मी उभा राहिलो. ती आडवाट सोडून उताराला लागली, मी लंगडत मागे. दर थोड्या वेळाने ती मागे वळून पाही आणि मी पोचेपर्यंत थांबे. तीन दिवसांत माझ्या पायांच्या चालीने कोणी चाललं असेल तर ती बाई.

खाली गाडीरस्ता लागला. आम्ही तिथे पोचतो न पोचतो तोच बैलांच्या घुंगरांचा आवाज आला आणि वळणावरून आमच्याच मोहल्ल्याचा पोहा दिसला. तो खरं म्हणजे आदल्या संध्याकाळीच गडाखाली पोचायचा. पण एका चाकाची धाव, म्हणजे वरची लोखंडी पट्टी, निसटली, ती बसवण्यात त्यांचा सगळा दिवस गेला होता. ती धाव निसटली नसती तर त्या वेळी तिथे कोणीही नसतं. बायकोने मला पाहिलं आणि चालती गाडी थांबवून ती उतरली. म्हातारीने काही न विचारता त्रिशूळ तिच्या हातात दिला. मी म्हणालो, माय, आमच्याबरोबर चल, चार घास खाऊन जा. ती म्हणाली, “माही मोळी पडली हाये ना तिथं,” आणि आल्या वाटेने चढायला लागली. माझं ओझं घ्यायला तिने स्वतःचं टाकलं होतं, हे मला तेव्हा कळलं. डोळे भरल्यामुळे ती झाडीत कुठे दिसेनाशी झाली तेही दिसलं नाही.

गडाच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा दिवस कलला होता. बुधराम दर्शन घेऊन मला शोधायला उलट खाली उतरत होता. मला पाहून, मागे सोडून गेल्याबद्दल, त्याने कानाला हात लावला. मी त्याचे हात धरले आणि दरसाल जातो म्हणालो ते खोटं होतं, हे सगळ्यांसमोर सांगितलं. गाडीवाल्या पोह्याची रीत अशी, की सगळ्यात हळू चालणारा पुढे. त्या दिवशी मी पुढे होतो. माझ्या मागे बायको, तिच्या हातात त्रिशूळ. ती दमली की एखादी म्हातारी घेई, मग पुन्हा ती. महादेवासमोर आलो तेव्हा मनातली सल मी बोलून दाखवली. खांद्यावरून नेईन म्हटलं होतं आणि वाहिला तुम्ही सगळ्यांनी. नवस फिटला असेल का?

तीन पावलं चालून दम लागणारी माझी बायको म्हणाली, “मी बरी झाली ते का तुमच्या खांद्यानं झाली का जी?”

मग आम्ही दोघांनी मिळून त्रिशूळ वाहिला.

पुढच्या वर्षी त्या पाड्यावर जाऊन मी म्हातारीची चौकशी केली. सरपण आणणाऱ्या म्हाताऱ्या तिथे घरोघरी होत्या. त्यांतली कोणती, मला ओळखता आलं नाही. मी सगळ्यांच्याच पाया पडलो आणि त्या पदराआड हसल्या. ती कोण होती हे मी ठरवत बसत नाही. ती आली, याबद्दल महादेवाचे उपकार मानतो.

शिवरात्र जवळ आली की लोक दुकानात येऊन विचारतात, मास्तर, कोणत्या पोह्याबरोबर जाऊ? मी विचारतो, मागच्या खेपेला कधी चालला होतात? उत्तर द्यायला कोणी घुटमळला की मशीनशेजारी जपून ठेवलेली म्हातारीची ती काठी त्याच्या हातात देतो, आणि गाड्यांच्या पोह्यात माझ्याशेजारी त्याची जागा धरून ठेवतो.