दादाच्या आधी नाही

थोरल्या भावाने वडिलांचं शिवणकामाचं दुकान गिळलं आणि धाकटीला मशीनसकट रस्त्यावर काढलं. त्या दिवशी तिने मनाशी गाठ मारली, दादाच्या आधी मरायचं नाही. म्हणूनच हृदयाच्या रक्तवाहिन्यांतलं कॅल्शियम मोजणारा स्कॅन शून्य आला, तरी वर्षाच्या आत ती पुन्हा डॉक्टरांपुढे हजर झाली.

“शून्य आलाय मावशी, चार-पाच वर्षं तरी परत काढायची गरज नाही.”

“आणि आकडा मोठा आला असेल तर?”

“मग परत परत मोजून काय होणार? गोळ्या चुकवायच्या नाहीत.”

दादाचा आकडा मोठा आलाय, तरी तो दरवर्षी नुसता स्कॅन काढतो आणि गोळ्या कचऱ्यात टाकतो, हे वहिनीनेच तिला रडत सांगितलं होतं आणि डॉक्टरांना विचारायची गळ घातली होती. संध्याकाळी वहिनीचाच फोन आला. “ह्यांचं विचारलंस का गं डॉक्टरांना?”

“राहूनच गेलं बघ,” धाकटी गोड आवाजात म्हणाली आणि पोटभर जेवली.