चार नंबरची चूल

एकोणीसशे तीसच्या आसपास वाशीमला मुक्कामाला येणाऱ्या माणसाला निवड फार नव्हती. डाक बंगला साहेबांसाठी होता, धर्मशाळा बैराग्यांसाठी आणि फुकट झोपणाऱ्यांसाठी. कोर्टात तारीख असलेला, कापूस घेऊन आलेला, बायकोला दवाखान्यात दाखवायला आणलेला जो मधला माणूस, तो हिरालाल दलालाच्या खोल्यांमध्ये उतरायचा.

मोटारी थांबायच्या त्या मैदानामागे या खोल्यांची एक लांब रांग होती. प्रत्येक खोलीला पुढे ओटी, आत चूल, कोपऱ्यात मोरी, दोन बाजा आणि एक रांजण. भांडी आणि सरपण हिरालाल द्यायचा, दाणे ज्याचे त्याने आणायचे. आठ दिवस राहा, महिनाभर राहा, आपल्या घरासारखा संसार मांडा. कोर्टातल्या तारखा लांबत, तसे लोकांचे संसारही तिथे लांबत. या खोल्या चालायचं खरं कारण म्हणजे चूल. खानावळीत कोणी रांधलं आणि शेजारी कोण बसला, ही पंचाईत असायची. इथे प्रत्येकाची चूल वेगळी, आणि एक बिऱ्हाड उठलं की दुसरं येण्याआधी जुनी राख काढून चूल शेणामातीने नव्याने पोतारली जायची. तेली गेला आणि कुणबी आला, तरी त्याला चूल ओलीच दिसायची. त्याचं समाधान व्हायचं.

या चुली पोतारणारी बाई म्हणजे हौसाबाई. जातीने माळी, अंगाने काटक, बोलायला कमी. ती कामाला म्हणून तिथे आली नव्हती. आली तेव्हा ती स्वतःच मुसाफिर होती.

तिचा नवरा गुलाबराव वाशीमजवळच्या मालेगावकडच्या एका गावचा बागाईतदार. लग्नाला पाच वर्षं होऊन मूल नाही, म्हणून त्याने तिला वाशीमच्या दवाखान्यात आणलं आणि हिरालालची चार नंबरची खोली घेतली. डॉक्टरने तपासलं, औषध दिलं, पुन्हा या म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाबराव कांद्याचं बी पाहून येतो म्हणून बाजारात गेला आणि तिकडूनच मालेगावच्या मोटारीत बसला. हौसाबाईने दोन माणसांच्या भाकरी करून ठेवल्या होत्या. त्या तिने दोन दिवस पुरवल्या.

आठवड्याने तिचा भाऊ आला. त्याने गुलाबरावची बाजूही ऐकून घेतली होती. माझ्या घरी चार पोरं आहेत, तू नवऱ्याचीच वाट पाहा, असा सल्ला देऊन तो परत गेला. पुढच्या उन्हाळ्यात गुलाबरावने सीताबाई नावाची दुसरी बायको केली. तोवर हौसाबाई सरपणाच्या खोपटाशेजारच्या कोठडीत राहायला गेली होती आणि चुली पोतारायला लागली होती. हिरालालला बाई हवीच होती. तिला छप्पर हवं होतं. यात कोणी कोणावर उपकार केले नाहीत.

तिला एकच गोष्ट पाहिजे होती, ती म्हणजे काडीमोड. माळ्यांत सोडलेल्या बाईला पाट लावता येतो, म्हणजे दुसरं घर करता येतं, पण त्याआधी नवऱ्याने पंचांसमोर गवताची काडी मोडावी लागते. काडी मोडली नाही तोवर बाई त्याचीच. तो नांदवो, न नांदवो. हौसाबाईने दोनदा निरोप पाठवले. गुलाबरावने दोन्ही वेळा सांगितलं की यंदा ओलिताची घाई आहे.

वाशीमच्या माळीपुऱ्यातल्या पंचांचा मात्र एक जुना रिवाज होता. नवरा सलग सात दिवाळ्या बायकोच्या हातचं जेवला नसेल, तर पंच त्याच्यावाचून काडी मोडून देत. हे तिला पुंजाजीने सांगितलं.

पुंजाजी गावाबाहेरच्या मळ्यातून रोज सकाळी वांगी, मेथी, कोथिंबीर घेऊन खोल्यांवर यायचा. बायको पटकीत गेलेली, मूलबाळ नाही. प्रत्येक ओटीपुढे पाटी उतरवायची, बायांशी घासाघीस करायची आणि शेवटी खोपटाजवळ येऊन बसायचं, असा त्याचा क्रम होता. उरलेली मेथी तो हौसाबाईला देई आणि वर ऐकवी की बैलानेही तोंड लावलं नाही म्हणून तुझ्यासाठी ठेवली. ती म्हणायची, बैल शहाणा आहे, मालकावर गेला नाही. रांगेतल्या बाया हे ऐकून हसायच्या. यापुढे त्या दोघांत काही नव्हतं आणि पुढे जे व्हायचं ते पंचांसमोरच व्हायचं, हे दोघांनीही ठरवून टाकलं होतं.

चौथ्या दिवाळीनंतर पुंजाजीने विचारलं, “सात झाल्या का बसशीन नं पंचापुढं?”

“बसीन. तुले दम धरवते का तेवढा?”

“वांग्याच्या रोपाले धरतो, तुले नाई धरवत?”

पाचवी गेली, सहावी गेली. पुंजाजीने मळ्यातल्या घराच्या छपराला नवी कवेलू घातली. हौसाबाईने ती पाहिली नव्हती, पण किती लागली ते तिला माहीत होतं.

सातव्या दिवाळीला पंधरवडा उरला असताना गुलाबराव मोटारीतून उतरला. अंगावर घोंगडी, डोळे लाल, पाय लटपटत होते. त्याला हिवताप होता. तो दवाखान्यात गेला नाही, ओळखीच्या घरीही गेला नाही. सरळ हिरालालकडे आला आणि त्याने चार नंबरची खोली मागितली. ती रिकामी होती. हिरालालला त्याचं तोंडही आठवत नव्हतं.

आजारी मुसाफिराला कामवालीने कण्या शिजवून द्यायच्या, असा त्या खोल्यांचा नियम होता. आजवर हौसाबाईने कितीतरी लोकांना दिल्या होत्या. कुणब्याला दिल्या, तेल्याला दिल्या, तारखेला येऊन तापाने पडलेल्या एका ब्राह्मण कारकुनाला तर त्याने डोळे मिटून घेतल्यावर दिल्या. या वेळी तिने हिरालालला सांगितलं की हा माझा नवरा आहे, दुसऱ्या कोणाला सांगा. हिरालाल कापसाच्या भावात गुंतला होता. तो म्हणाला, “नवरा तो तुझ्या घरी. इथं मुसाफिर हाय. खोली घेतली त्यानं.”

हे तिला पटलं. चूक इथेच झाली. चूल हिरालालची, सरपण हिरालालचं, भांडं हिरालालचं. आपण इथे कोणाची बायको नाही, चुली पोतारणारी बाई आहोत. भाड्याची चूल कोणाचीच नसते, असा तिचा हिशेब होता. इतकी वर्षं त्याच चुली शेकडो लोकांसाठी नव्या करून दिलेल्या बाईला दुसरं काही सुचणंही कठीण होतं.

तिने चार नंबरची चूल पेटवली आणि ज्वारीच्या कण्या शिजवल्या. गुलाबराव भिंतीला टेकून जेवला. भांडं सरकवून पुन्हा आडवा झाला. असं तीन दिवस चाललं. दार उघडंच होतं, कारण ते बंद करणं बरं दिसलं नसतं. शेजारच्या खोलीत मालेगावची कमलीबाई होती. मुलाच्या खटल्यासाठी आलेली, जातीचीच म्हातारी. तिने ओटीवरून हे पाहिलं आणि गहिवरून म्हणाली की अखेर देवाने तुझ्याकडे पाहिलं. हौसाबाई भांडं घासायला मोरीत गेली. चौथ्या दिवशी गुलाबराव उठला, मोरीत अंघोळ केली आणि ज्या मोटारीने आला होता तिनेच परत गेला.

दिवाळी झाल्यावर पंच मारुतीच्या पारावर बसले. हौसाबाई एका बाजूला, पुंजाजी गर्दीत मागे. गुलाबरावला निरोप गेला होता, पण तो येईल असं कोणाला वाटलं नव्हतं. तो आला, धुतलेलं धोतर नेसून. पंचांनी विचारल्यावर त्याने फार काही सांगितलं नाही.

“दुखनं आलं त बायकोजवळच गेलो. अजून कोठं जाऊ? तीन दिवस तिच्या हातचं खाल्लं. नाई म्हन म्हना तिले.”

तिने नाही म्हटलं नाही. तिने चुलीचं सांगितलं, नियमाचं सांगितलं. कमलीबाईला बोलावणं गेलं. म्हातारीने पाहिलं ते खरं तेच सांगितलं आणि आपण दोघांचा संसार जुळवून दिला या समाधानात परत गेली. हिरालालने येऊन तो नियम आपला आहे एवढं बोललं असतं तर कदाचित फरक पडला असता. त्याने निरोप पाठवला की जातीच्या भानगडीत मी पडत नाही, माझ्याकडे सगळ्या जातीचे लोक उतरतात.

पंचांतल्या थोरल्या म्हाताऱ्याने मळलेली तंबाखू तोंडात टाकली.

“चूल कोनाची हाय हे आमी पाहत नाई, बाई. हात कोनाचा हाय ते पाहतो.”

सात दिवाळ्या पुसल्या गेल्या. पुन्हा पहिलीपासून मोजा, असं ठरलं. गुलाबरावने तिला नांदवायला न्यावं का, हे कोणी विचारलं नाही. ते त्या दिवशी पंचांसमोर नव्हतंच.

पाराखाली तिने त्याला गाठलं. इतक्या वर्षांत ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होती.

“नेत त नाई. मंग सोडत काहून नाई?”

गुलाबरावने जोडा पायात चढवत सांगितलं, “सोडली त तू त्या मेथीवाल्याच्या घरात जाशीन. मी बी भाजी घेऊन त्याच बजारात बसतो. लोकायनं मले काय म्हनावं?”

म्हणजे त्याला ठाऊक होतं, पुंजाजीचंही आणि सात दिवाळ्यांचंही. ताप खरा होता यात शंका नाही, तो सगळ्यांनी पाहिला होता. पण ताप आला तेव्हा कुठे जाऊन पडायचं, हे त्याने तापाआधीच ठरवलेलं असावं. नक्की कोणालाच सांगता आलं नसतं आणि गुलाबरावला कोणी विचारलंही नाही.

पुंजाजीने आणखी एक हंगाम काढला. मग मानोऱ्याकडच्या कस्तुराबाई नावाच्या विधवेशी त्याने पाट लावला. तो चाळिशीच्या पुढे गेला होता, मळ्यात एकट्याच्याने निभत नव्हतं. हौसाबाईला त्याने आधी येऊन सांगितलं. ती राख चाळत होती. चांगलं केलं म्हणाली आणि चाळत राहिली. त्यानंतर भाजी घेऊन कस्तुराबाई यायला लागली. ती मनाने बरी बाई होती, वजनात थोडी लबाड. हौसाबाई तिच्याशी घासाघीस करायची. उरलेली मेथी फुकट घ्यायची नाही.

एक बदल मात्र खोल्यांवरच्या सगळ्यांच्या लक्षात आला. हौसाबाईने रांधायचं बंद केलं. दुखणेकऱ्याची चूल ती पेटवायची, पाणी भरून द्यायची, कण्याही कांडून द्यायची. पण भांडं चुलीवर ठेवायची नाही. मानोऱ्याजवळच्या तांड्यावरची रुखमाबाई नावाची म्हातारी, मुलाला कोर्टातून सोडवायला आलेली, खोकल्याने बेजार होऊन पडली. माय, दोन घास शिजवून दे, म्हणून तिने हात जोडले. हौसाबाई चुलीत फुंकर घालून उठली आणि बाजूला उभी राहिली. म्हातारीने भिंत धरत धरत स्वतः भांडं चढवलं. दोनदा तिला खाली बसावं लागलं. हौसाबाई ते पाहत होती.

हिरालालपर्यंत तक्रार गेली. नियम नियम आहे, असं तो तिला ओटीवरूनच बोलला. ती म्हणाली, “चूल तुमची, लाकडं तुमचे. हात माहा हाय, शेठ.”

तिच्याइतक्या कमी खर्चात दुसरी बाई मिळणार नव्हती, म्हणून हिरालालने नियमच बदलला. मुसाफिर तिला कठोर म्हणत. ज्यांनी आधीची हौसाबाई पाहिली नव्हती, त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच होतं.

दुसऱ्यांदा मोजायला सुरुवात केलेल्या दिवाळ्या तिने मोजल्या की नाही, कळायला मार्ग नाही. पंचांकडे ती परत गेली नाही. सातवी यायच्या आधीच, एकेचाळीसच्या उन्हाळ्यात, गुलाबराव विहिरीवर मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यावर घसरून डोक्यावर पडला आणि तिसऱ्या दिवशी गेला. दहाव्याच्या आत त्याचा धाकटा भाऊ गावच्या दोन म्हाताऱ्या बायांना घेऊन मोटारीने वाशीमला आला. थोरली बायको आहे, तिचं कुंकू पुसलं पाहिजे, बांगड्या फोडल्या पाहिजेत, नाहीतर गेलेल्याला गती नाही, असं त्याचं म्हणणं होतं. सीताबाईचं झालं होतं. हिचं राहिलं होतं.

हौसाबाई एका खोलीत चूल पोतारत होती. हात धुवायलाही उठली नाही.

“काडी मोडाले तेरा वर्सात तुमच्यातल्या कोनाले सवड नोती. बांगड्या फोडाले तिघं आले, भावजी.”

सोबतच्या बायांनी समजावून पाहिलं, मग शिव्या दिल्या, मग संध्याकाळच्या मोटारीने सगळे परत गेले. पंचांच्या रिवाजाप्रमाणे गुलाबराव गेला त्या दिवसापासून ती पाट लावायला मोकळी होती. पुंजाजीचा थोरला मुलगा तेव्हा शाळेत जायला लागला होता.

तिने कुंकू ठेवलं आणि हिरव्या बांगड्याही ठेवल्या. महिनाभर कोणी काही बोललं नाही. मग खोल्यांवर कुजबुज सुरू झाली. नवरा मेलेली बाई भरल्या हातांनी आपली चूल पोतारते, हे बिऱ्हाडकरणींना सोसेना. एका वकिलाने आपली दोन अशिलं दुसरीकडे उतरवली. हिरालाल तोवर म्हातारा झाला होता. तो खोपटापर्यंत चालत आला आणि म्हणाला की मला स्वतःला याचं काही नाही, पण इथे घरंदाज माणसं उतरतात. एकतर बांगड्या उतरव, नाहीतर कोठडी रिकामी कर. त्याचा आवाज चढला नाही. नुकसानीचं काम तो कधीच आवाज चढवून करत नसे.

तिला जायला दुसरी जागा नव्हती. तिने कपाळ पुसलं. बांगड्या फोडल्या नाहीत. तेल लावून एकेक उतरवली, सगळ्या शाबूत, आणि चार नंबरच्या खोलीतल्या कोनाड्यात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी त्या खोलीत लग्नाच्या खरेदीला आलेलं एक बिऱ्हाड उतरलं. ते गेल्यावर ती चूल पोतारायला आत गेली, तेव्हा कोनाडा रिकामा होता. त्या बांगड्या कोणी नेल्या, याची तिने चौकशी केली नाही.