सुटा भाग अजून आलेला नाही

आमच्या बंदुकांच्या कारखान्यात गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचं काम लॉर्ना थिबोडो हिनं एकवीस वर्षं केलं. मी तिच्या शेजारच्या टेबलावर. न्यू हॅम्पशरमधल्या आमच्या गावात निम्म्या घरांच्या चुली कारखान्यावर पेटायच्या. लॉर्नाचे वडीलही तिथंच नळ्या घासत म्हातारे झाले. तिला बंदुका अशा माहीत होत्या, जशी एखादीला सगळी भावकी माहीत असते. फोनवर कुणी तावातावानं बोलू लागला तर ही आधी विचारायची, "बंदुकीचा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा आहे की बर्चच्या?" आणि माणूस निवायचा. नाताळात लोक तिच्या नावानं हरणाचं वाळवलेलं मांस पाठवायचे.

त्या ऑक्टोबरात ऑर्व्हिल हॉगन यांची रायफल आली. विस्कॉन्सिनच्या उत्तर टोकाला राहणारे, ब्याऐंशी वर्षांचे. चाप ओढला तरी बार उडत नाही, अशी तक्रार होती. नोव्हेंबरात हरणांची शिकार सुरू होते, म्हणून लॉर्नानं मागे लागून चार दिवसांत दुरुस्ती करवून घेतली. पार्सल बांधून झालं आणि त्यांच्या मुलीचा, कॅरिनचा फोन आला.

वडिलांना आता आठवत नाही, असं ती सांगत होती. ती त्यांच्या घरी स्वयंपाक करत असताना चोर शिरलाय असं समजून त्यांनी तिच्यावर रायफल रोखली होती. चापही ओढला होता.

"बार उडाला नाही," कॅरिन म्हणाली, "म्हणून तर त्यांनी ती तुमच्याकडे पाठवली."

लॉर्ना आमच्या साहेबांकडे, ड्वाइटकडे गेली. ड्वाइट माणूस वाईट नव्हता. त्यानं सांगितलं, रायफल म्हाताऱ्याच्या नावावर आहे, डॉक्टरांचा किंवा कोर्टाचा कागद असल्याशिवाय आपण ती अडवू शकत नाही. कॅरिनला डॉक्टरांची तारीख जानेवारीतली मिळाली होती. लॉर्नानं पार्सल उचललं आणि मागच्या मांडणीवर ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑर्व्हिल यांचा फोन आला, तेव्हा तिनं सांगितलं, एक सुटा भाग अजून आलेला नाही.

मग ते रोज नऊ वाजता फोन करू लागले. बोलणं साफ, विनोदसुद्धा करायचे. कारखाना झोपला की काय, विचारायचे. कुठल्या साली कुठल्या ओढ्याकाठी किती फाट्यांच्या शिंगांचं हरीण मारलं, सगळं सांगायचे. फोन ठेवून लॉर्ना माझ्याकडे बघायची. "खरं कोण बोलतंय गं? यांना तर माझ्यापेक्षा जास्त आठवतं."

हंगाम आला आणि संपला. त्या आठवड्यात ते एवढंच म्हणाले, "पोरी, साठ वर्षांत पहिल्यांदा मी खिडकीत बसून राहिलो. शेजारची पोरं शिकारीला गेली. मी बघत बसलो."

लॉर्ना त्या दिवशी जेवली नाही.

डिसेंबरात त्यांचं तक्रारीचं पत्र थेट वरच्या ऑफिसात गेलं. ड्वाइटनं मांडणीवरून पार्सल शोधून काढलं. चिठ्ठीवरची दुरुस्तीची तारीख वाचली. ओरडला नाही. "लॉर्ना, वस्तू त्यांची आहे. आपण कोण?" म्हणाला. माफीचं पत्र आणि कंपनीची एक टोपी घालून पार्सल त्याच दुपारी निघालं. लॉर्नानं कॅरिनला तीनदा फोन लावला. कुणी उचलला नाही, म्हणून निरोप ठेवला.

चौथ्या दिवशी ऑर्व्हिल यांचा फोन आला. खूश होते. टोपी डोक्यावर चपखल बसली, रायफल नव्यासारखी झाली, अशी सेवा हल्ली कोण देतं, म्हणाले. लॉर्नानं विचारलं, "कॅरिन आली का घरी?"

"कोण कॅरिन?" त्यांनी विचारलं.

दुपारी कॅरिनचा फोन आला. निरोप ऐकून ती धावली होती आणि घरातली सगळी काडतुसं उचलून आपल्या गाडीत भरली होती. वडील दिवसभर रायफल मांडीवर घेऊन पुसत बसतात. हिसकावून घ्यायचा धीर तिला झाला नाही.

"पण काडतुसांचं दुकान रस्त्यापलीकडेच आहे," ती म्हणाली. "ते रोज तिथं कॉफी प्यायला जातात."