जॅमच्या बरणीतली कोजागरी

दुबईत करामाला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक इंग्लिश शिक्षिका राहायची. पन्नाशीची, एकटी. चर्चला जात नसे. चंद्र, सूर्य आणि ऋतू मानणारी होती. स्वतःला पेगन म्हणवायची, पण हळू आवाजात. डिसेंबरातल्या सगळ्यात लहान दिवशी मेणबत्त्या लावायची. ऑगस्टात, बाहेर अख्खी दुबई भाजत असताना, कापणीचा सण म्हणून घरी पाव भाजायची. आणि दर पौर्णिमेला जॅमच्या बरणीत मेणबत्ती पेटवून बाल्कनीत शांत बसायची. माझी सातवीतली लेक तिच्याजवळ तासभर गप्प बसे. माझ्याजवळ पाच मिनिटं नाही.

मला याचा राग यायचा, खोटं कशाला बोलू? चंद्र काय तिच्या एकटीचा होता? आमच्यात कोजागरीला थोरल्या अपत्याला ओवाळतात, त्याला आश्विनी म्हणतात. आदल्या वर्षी मी ओवाळलं तर लेकीने लिफ्टमध्येच कुंकू पुसलं, कारण खाली मैत्रिणी उभ्या होत्या. या वर्षी तिने आधीच बजावलं, "आई, नो आरती प्लीज. इट्स सो एम्बॅरसिंग." शेजारणीची मेणबत्ती मात्र कूल! मीही हट्टाला पेटले. ओवाळणार म्हणजे ओवाळणार.

बिल्डिंगच्या गच्चीला कुलूप होतं, म्हणून शारजाच्या पलीकडे वाळूत जायचं ठरलं. लेकीने अट घातली की शेजारीणही हवी. मी दात-ओठ खात हो म्हटलं. डब्याच्या दुधात केशर, बदाम घालून थर्मास भरला, तबक घेतलं, आणि नवऱ्याने "यल्ला" म्हणत गाडी काढली. वाटेत मी पुटपुटले, ही पाऊस सरल्यानंतरची पौर्णिमा, इथे पाऊस आलाच नाही तर सरणार काय! शेजारीण हसून म्हणाली, माझंही तेच, पानगळ साजरी करायला आधी पानं तर हवीत. पहिल्यांदाच मला ती बरी वाटली.

पाठीमागे सूर्य बुडाला आणि समोर वाळूतून चंद्र वर आला, हा एवढा मोठा. लेक चटईवर बसली खरी, पण तोंड फिरवून. मी निरांजन लावलं. वाऱ्याने विझवलं. पुन्हा लावलं, पुन्हा विझलं. काडेपेटी संपत आली. लेकीसमोर माझी अशी फजिती व्हावी, याने मला रडूच यायला लागलं. "राहू दे, खलास," मी म्हणाले आणि तबक खाली ठेवलं.

तेव्हा शेजारणीने सोबत आणलेल्या जॅमच्या बरणीतून आपली पेटती मेणबत्ती काढली. ती लगेच विझली. रिकामी बरणी तिने माझ्यापुढे धरली.

मी तबकाकडे हात नेला नाही. लेकीनेच निरांजन उचलून बरणीत ठेवलं, बरणी तबकात ठेवली आणि माझ्याकडे तोंड करून ताठ बसली.

"आई, परत लाव. मी बसलेय ना."

चक्क मराठीत! शेवटच्या काडीला वात पेटली आणि टिकली. जॅमच्या बरणीने मी माझ्या लेकीला ओवाळलं, अगदी सावकाश, मनासारखं. झाल्यावर ती म्हणाली, "आता तिला. तीपण तिच्या आईबाबांची थोरलीच आहे." मी शेजारणीलाही ओवाळलं. तिचे डोळे भरले, माझे तर केव्हाच भरले होते.

परतताना पेट्रोल पंपावर लेकीच्या शाळेतल्या दोन मुली दिसल्या. आता ही कुंकू पुसणार, असं मला वाटलं. लेक दार उघडून उतरली आणि केसांत अक्षता, कपाळावर कुंकू तसंच ठेवून त्यांच्याशी गप्पा मारत उभी राहिली.