जोडून उरलेला तुकडा

आमच्या दादाला जुन्या गाड्यांचं वेड लागलं ते अमेरिकेतून परत आल्यावर. बाबांची स्कूटर नारायण पेठेतल्या आमच्या इमारतीखाली गंजत पडली होती. बाबा गेल्यापासून ह्याने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मग हिंजवडीच्या ऑफिसात त्याला त्याच्यासारखेच तीन रिकामटेकडे भेटले आणि त्यांनी एका क्लबात नावं घातली. सगळ्यांचे टी-शर्ट सारखे, अक्कल सारखी आणि तोंडात शब्दही एकच, 'ओरिजिनल'.

स्कूटर कात्रजच्या एका गॅरेजात गेली, सुटी झाली, रंगली. क्लबाच्या रॅलीत तुला मागे बसवून नेईन, असं दादाने आईला कबूल केलं. आईने लगेच ठेवणीतली हिरवी इरकल बाहेर काढली. बाबांच्या मागे बसून ती अख्खं पुणे फिरली होती. त्या गाडीवर एकदा तरी पुन्हा बसायचं तिने अगदी मनावर घेतलं होतं.

गाडी जोडून झाली आणि एक तुकडा उरला. तळहाताएवढी लोखंडी पट्टी, तिला वाकवलेली सळई आणि वर बिजागरी. दादाने फोटो काढून क्लबातल्या सगळ्यांना ईमेल केले. एकाने तो लष्करी मॉडेलचा भाग ठरवला, दुसऱ्याने त्याला थेट इटलीत धाडलं. तिसऱ्या दीडशहाण्याने पानभर इंग्रजी लिहून तो साइडकारचा आधार असल्याचं सिद्ध केलं. आमच्या स्कूटरला साइडकार कधी नव्हतीच, एवढी किरकोळ अडचण होती. घरी विचारावं असं एकाच्याही डोक्यात आलं नाही.

इकडे आई फोनवर दादाला एकच विचारत होती, पायरी लावली का. दादाने काय करावं? मार्केट यार्डातून पायरी आंब्यांची पेटी आणली. वर मला ऐकवलं की आईच्या मनातलं ओळखायला मुलगाच लागतो. आईने रस काढला, आम्हाला वाढला, स्वतः खाल्ला आणि हात धुतले.

"आंबे गोड आहेत," ती म्हणाली. "पायरी कुठे आहे?"

मग कुठे उलगडा झाला. बाबांच्या शेवटच्या वर्षांत आईचा खुबा दुखायला लागला, पाय वर उचलेना. दादा तेव्हा अमेरिकेत होता आणि मी सोलापूरला सासरी. बाबांनी लोहाराकडून स्कूटरला खाली लोंबणारी एक पायरी करून घेतली. आई चढून बसली की ते ती वर दुमडून टाकत. तिच्याशिवाय आईला त्या गाडीवर चढताच येत नव्हतं.

दादाने पायरी लावून आणली, हे मान्य. रॅलीच्या सकाळी आई इरकल नेसून खाली येऊन उभी राहिली. क्लबाचे अध्यक्षही आले होते. वय पस्तिशीच्या आत, मिजास मात्र जहागीरदाराची. त्यांनी वाकून पाहिलं आणि हे कंपनीने दिलेलं नाही, काढा, अस्सलपणाचे गुण जातील, असं सुनावलं. मला वाटलं, दादा त्याला हाकलून देईल. दादाने पाना मागितला.

"आई, तू हिच्याबरोबर रिक्षाने ये ना," तो नट सोडवता सोडवता म्हणाला. "तिथे आपण फोटो काढू."

आई त्याच्या हातांकडे बघत होती.

"कंपनीने दिली नव्हती, बरोबर आहे," ती म्हणाली. "कंपनीला माझा पाय कुठे माहीत होता?"

अध्यक्ष हसले. मूर्खाला विनोद वाटला. दादा हसला नाही, पण थांबलाही नाही. पायरी माझ्या हातात देऊन त्याने किक मारली आणि मागची सीट मोकळीच घेऊन तो अध्यक्षांच्या मागोमाग निघून गेला. मी रिक्षा बोलवू का विचारलं, तर आईने नुसतं मानेनेच नाही म्हटलं. इतका राग मला माझ्या भावाचा त्याआधी कधी आला नव्हता.

संध्याकाळी तो अस्सल गाडीची ढाल घेऊन आला तेव्हा आई मेथी निवडत होती. ढाल तिने बाजूला ठेवायला सांगितली, भाजीवर नको म्हणाली.

पुढच्या रविवारी दादा स्वतःहून पायरी लावून आला आणि खाली हॉर्न वाजवत थांबला. आई खिडकीपर्यंतसुद्धा गेली नाही.