जोडणी झाली

मी तालुक्याच्या गावातून मुंबईत कॉलेजला आले तेव्हा फणसवाडीतल्या एका काकूंनी मला आपल्या घरात ठेवून घेतलं. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. परीक्षेच्या दिवसांत काकू माझं ताट झाकून ठेवत आणि मी जेवेपर्यंत झोपत नसत. पुढे लोअर परळच्या एका ऑफिसात वंशावळीचं सॉफ्टवेअर बनवायच्या कामावर मी लागले आणि काकूंच्या कुलमंडळानं तेच घेतलं, तेव्हा मला फेडीची संधी मिळाल्यासारखं वाटलं.

मंडळाच्या वंशावळीत तोवर फक्त मुलगे होते. काकूंनी भांडून लेकीसुना घालायचं मान्य करून घेतलं आणि काम स्वतःकडे घेतलं. कोकणातल्या म्हाताऱ्यांना फोन करून करून त्यांनी सुनांची माहेरची नावं मिळवली, वर्षभर भरली. मग पुतण्यानं त्यांचा जुना संगणक भंगारात देऊन नवा आणला, आणि मंडळाच्या सर्व्हरवर पाहिलं तर एकही बाई नव्हती.

चूक कुठे झाली ते मला लगेच कळलं. जोडणीच्या सेटिंगमध्ये 'डेटाबेसचं नाव' असा रिकामा चौकोन होता. तिथे मंडळाच्या डेटाबेसचं ठरलेलं नाव घालायचं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. वंशावळ कुलदैवताच्या नावानं सुरू करायची, म्हणून काकूंनी तिथे कुलदैवताचं नाव घातलं. असा डेटाबेस सर्व्हरवर नाही, हे सांगायचं सोडून प्रोग्रॅमनं गुपचूप त्यांच्या संगणकावर नवा कोरा उघडला आणि लिहिलं, 'जोडणी झाली'.

मंडळाच्या सभेला आमच्या ऑफिसातले सर आले होते. जोडणीचा तो पडदा, म्हणजे स्क्रीन, त्यांनीच बनवलेला. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "आजी, ही काय लग्नपत्रिका आहे, वर देवाचं नाव घालायला?" सभा हसली. अध्यक्षांनी तिथल्या तिथे काम काकूंकडून काढून घेतलं. काकू पर्सची चेन तेवढी उघडत-लावत राहिल्या.

सरांना सोडायचं नाही, हे मी तिथेच ठरवलं.

मी पडदा नव्यानं लिहिला. नाव सापडलं नाही तर तो तसं स्पष्ट सांगे, विचारल्याशिवाय नवं काही उघडत नसे, आणि माहिती मंडळाच्या सर्व्हरवर साठतेय की फक्त याच संगणकावर, हे वर ठळक दाखवी. सर म्हणाले, गरज नाही, लोकांनी शिकावं. मी मान डोलावली. कंपनीच्या मालकांना दोन्ही पडदे दाखवायच्या दिवशी मी सकाळीच चाचणीच्या डेटाबेसचं नाव बदलून ठेवलं आणि सरांना जुना पडदा उघडून दिला.

त्यांनी सवयीनं जुनं नाव घातलं. जोडणी झाली. "बघा, सोपं आहे," ते मालकांना म्हणाले. मी अगदी नम्रपणे त्यांना घरची माणसं भरून दाखवायला सांगितलं. त्यांनी पणजोबांपासून भरली. आजीचं माहेरचं नाव आठवेना, म्हणून आईला फोन लावला. मी हवं तेवढं थांबले. मग मालकांना म्हटलं, तुमच्या लॅपटॉपवर उघडा.

तिथे कोणी नव्हतं. सर्व्हर बंद असेल, सर म्हणाले. "नाही सर," मी म्हटलं, "असा डेटाबेसच तिथे नाही. तुमची आजी फक्त या मशिनवर आहे." आणि त्यांच्या देखत ती फाइल पुसली. कॉपी करून ठेवता आली असती. केली नाही.

नवा पडदा लागला. मालकांनी स्वतः मंडळाला फोन करून चूक आमची होती असं सांगितलं, काम काकूंकडे परत गेलं आणि गेलेल्या नोंदी पुन्हा भरून द्यायला दर रविवारी फणसवाडीत सरांना पाठवायचं ठरलं. पहिल्या रविवारी मीही गेले. काकूंनी त्यांना पोहे दिले, वर खोबरंही घातलं. मला ते आवडलं नाही. खाऊन झाल्यावर सरांनी पहिल्या सुनेचं माहेरचं नाव विचारलं.

"आठवावं लागेल," काकू म्हणाल्या आणि फोनकडे सावकाश हात नेला. ते नाव मला पाठ होतं. मी खुर्ची ओढून समोर बसले आणि गप्प राहिले.