तीन वह्या आणि आईचा मसाला

माझ्याएवढा गाढव अख्ख्या खांदेश्वरात शोधून सापडायचा नाही. आई घरी आगरी मसाला करून विकायची. मिरच्या सोसायटीच्या गच्चीत वाळवायची, भाजायची आणि डंकावर स्वतः उभी राहून कुटून आणायची. मी तेव्हा महाप्याला डेटा एंट्री करत होतो. एकदा मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "आई, तुझ्या मसाल्याची वेबसाइट मीच बनवणार. शिकतो आणि बनवतो."

दोनशे पानी वही आणली, तिला खाकी कव्हर घातलं आणि पीएचपी ही वेबसाइट बनवायची प्रोग्रामिंग भाषा शिकायला घेतली. पंचवीसेक पानं भरली असतील, तोच ऑफिसातला मित्र टपरीवर चहा पिता पिता हसला. "पीएचपी? अरे, म्हातारं झालं ते! पायथन घे." झालं! नवी वही, नवं कव्हर. मग आणखी कोणी म्हणालं, वेबचंच करायचंय तर जावास्क्रिप्टच पाहिजे. तिसरी वही. चुकीची भाषा धरली तर सगळी मेहनत फुकट जाईल, ही भीती डोक्यात बसलेली, आणि दिसेल त्याला विचारत सुटायची मला खोडच.

त्याच सुमारास वाशीचा एक दुकानदार घरी आला. चव बघून म्हणाला, दर महिन्याला माल द्या, पण फक्त मलाच. आईने क्षणभरही विचार केला नाही. "नको शेठ, माजा पोरगा वेबसाइट बनवतोय. मंग सगल्यांनाच मिलंल." मी आत तिसऱ्या वहीला कव्हर घालत होतो. ते ऐकून मी चक्क खूश झालो. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

दोन उन्हाळे तसेच गेले. मिरचीच्या खकाण्याने आईला धाप लागायला लागली आणि डॉक्टरांनी मसाला कायमचा बंद करायला लावला.

मला राहवेना. त्याच आठवड्यातल्या रविवारी बसलो. तिच्या मसाल्याला यातली एकही भाषा लागत नव्हती. नाव, फोटो, चार ओळी, फोन नंबर. साध्या एचटीएमएलमध्ये जेवणाआधी पान तयार झालं.

आईला मोबाइलवर दाखवलं. तिने चष्मा लावला, फोटो मोठा करून पाहिला. "मस्त झालंय रं," म्हणाली. मग खालच्या स्वतःच्या नंबरावर बोट ठेवून तिने विचारलं, "आनि आता कोनी फोन केला, त काय सांगू?"